पैनगंगेपलीकडच्या शिकारीची तयारी

अमेरिकेतली लढाई चालू होती त्या एका हिवाळ्यात, मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात, अमरावतीहून तीन बंड्या, दोन घोडी आणि एक बैल अकोल्याकडे निघाले. तिथून पातूर आणि वाशीमवरून पैनगंगा ओलांडून मोगलाईत काळविटांच्या शिकारीला जायचे होते. बैल कुठल्याही बंडीला जुंपलेला नव्हता. तो मोकळा चालत होता आणि त्याची शिंगे तांबडी होती. ती मी रंगवली होती.

मी तेव्हा कापसाच्या एका इंग्रज पेढीत कारकून होतो. पेढीचे साहेब इंग्रजी बोलत, मी ते मराठीत सांगत असे, आणि शेतकऱ्यांचे मराठी त्यांना इंग्रजीत सांगत असे. आठवड्यातून एकदा मुंबईच्या एका वर्तमानपत्राला बाजाराची हकिकत पाठवण्याचे कामही माझ्याकडे होते. पुढे त्याच पत्राच्या कचेरीत माझी बरीच वर्षे गेली. जे पाहिले ते आणि जे ऐकले ते वेगळे लिहावे, ही सवय मला तिथे लागली. या हकिकतीतला शेवटचा भाग ऐकलेला आहे. बाकी सर्व पाहिलेले आहे.

शिकारीसाठी मोगलाईत जाण्याचे कारण साधे होते. लिव्हरपूलला अमेरिकेचा कापूस पोचत नव्हता, त्यामुळे वऱ्हाडातल्या कापसाला मागणी आली होती. ज्याच्याकडे पडीत जमीन होती त्याने ती मोडून सरकी पेरली. गायराने आखडली, हरणांचे कळप दक्षिणेला सरकले. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचा अंमल होता. तिथे कापसाचे वेड अजून पोचले नव्हते आणि माळ शिल्लक होते. इकडच्या लोकांच्या लेखी तो परमुलूख. नदीवर नाका होता. बंदुका घेऊन पलीकडे जाणाऱ्या साहेबालाही तिथे कागद दाखवावा लागे.

तयारी माझ्याकडे आली. तंबू पेढीत होता. बंदुकीची दारू आणि शिसे छावणीतून मिळाले. गोळ्या ओतायचा साचा साहेबांचा स्वतःचा होता. कातडी टिकवायला मीठ आणि तुरटी लागते, ती मी दोन पोती घेतली. अडचण आली ती बंड्यांची. त्या दिवसांत रस्त्यावर दिसेल ती बंडी कापसाने भरलेली असे. शेवटी नांदगाव खंडेश्वरकडचा एक शेतकरी आपला कापूस उतरवून रिकामा परत चालला होता, त्याला मी अडवले. त्याने कुठे जायचे ते विचारले. मी सांगितले.

"मोगलाईत?" तो म्हणाला. "हरणं मारायले? आमच्या वावरात या म्हणा ना तुमच्या सायबाले. मागल्या साली तूर खाल्ली हरणांनी, यंदा तूर उभी हाय पण हरणंच नाई आले. म्या त त्याईची वाट पाहून राहिलो."

पण तो आला, आणि त्याचे दोन भाऊबंदही आपापल्या बंड्या घेऊन आले. त्या हंगामात तीन बंड्या तीन आठवडे अडकवून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती. त्याने ती माझ्या शब्दावर केली. त्याची आठवण मला पुष्कळदा येते.

शिकाऱ्याचा शोध साहेबांनी घेतला होता. तो फासेपारधी होता, पन्नाशीच्या आतबाहेरचा. त्याच्या जमातीची शिकारीची रीत बैलाच्या आडोशाने चालण्याची. हरणे माणसाला बिचकतात, चरणाऱ्या गुरांना बिचकत नाहीत. पारधी बैलाला तिरका तिरका चालवत कळपाकडे नेतो. स्वतः त्याच्या पलीकडच्या अंगाला वाकून चालतो. बैल दोन पावले चालतो, थांबतो, गवताला तोंड लावतो, पुन्हा दोन पावले. एरवी पारधी पुढे फास मांडून हरणांना त्यांच्याकडे वळवतो. या वेळी बैलाच्या आड साहेब बंदूक घेऊन चालणार होते. असा बैल तयार व्हायला चार वर्षे लागतात, असे पारध्याने मला सांगितले. हा त्याचा तिसरा बैल.

त्याला या सफरीत शिकारीसाठी यायचे नव्हते. त्याची मुलगी पैनगंगेपलीकडच्या एका पालावर दिली होती. तिला सातवा महिना होता. तिकडे सासू नव्हती, दुसरी जाणती बाई नव्हती. पहिले बाळंतपण आईजवळ व्हावे, असे पारध्याच्या बायकोचे म्हणणे होते. नाक्यावर पारध्यांना सोडत नसत. चोर म्हणून हाकलत. त्या पावसाळ्यानंतर तो दोनदा नदीपर्यंत जाऊन परतला होता.

"सायबासंगं गेलो त कोण अडवते?" तो मला म्हणाला. "मुनशीजी, तुमी कागदात माह्यं नाव घाला. बायकोचं घाला. येतानी पोरीचं घाला. मी सायबाले म्हणंल तेवढे काळवीट देतो."

मी घालतो म्हणालो. त्याला मी 'तू' म्हणत होतो. तो माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा होता. तेव्हा कोणी पारध्याला 'तुम्ही' म्हणत नसे, आणि मीही म्हटले नाही.

निघण्याच्या दोन दिवस आधी सर्व सामान एका ठिकाणी जमा करा, असा साहेबांचा हुकूम झाला. बंगल्यावर कुत्री होती, म्हणून बैल आमच्या घरच्या परसात बांधायचे ठरले. पारधी बायकोला आणायला बडनेऱ्याच्या बाजूला गेला. जाताना दोर माझ्या हातात देऊन म्हणाला, "याले काई करू नका जी. चारा टाका, पाणी दाखवा, बस."

घरी मी आणि माझी आत्या दोघेच होतो. मी पारध्याचा निरोप तिला सांगितला. आमच्याकडे पाहुणा पाट मांडण्याआधी 'काही करू नका' म्हणतो, आणि घरचे सर्व काही करतात. आत्याने तो निरोप तसाच घेतला. मीही घेतला.

बैल खरोखरच ओंगळ दिसत होता. शिंगांवर चिखलाची पुटे होती, अंगाला शेणाचे डाग होते, कातडी मळकट करडी. आत्या त्याच्याभोवती एकदा फिरली.

"हा परमुलखात चालला ना रे?"

"हो."

"आणि आपल्या दारातून असा जाईल? लोक म्हणतील, कापसाच्या सालात यांच्या घरी मूठभर हळद नव्हती."

लोक खरेच तसे म्हणाले असते. त्या वर्षी बाजारात येणारे बैल पाहण्यासारखे असत. पोळा नसताना अंगावर झुली, कपाळावर आरसे. आम्ही दोन घागरी पाणी तापवले. बैलाला शिकेकाईने धुतले. आत्याने त्याच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळले, जसे पोळ्याच्या आदल्या दिवशी चोळतात. मी खापराने शिंगे खरवडून त्यांना जवसाचे तेल लावले, मग तांबडा हिंगूळ तेलात कालवून दोन हात दिले. शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या बसवल्या. गळ्यात घुंगुरमाळ बांधली. हे सर्व करताना बैल एकदाही हलला नाही. आम्हाला ती त्याची खुशी वाटली.

निघायच्या सकाळी पारधी बायकोसह आला. परसाच्या दारात थांबून त्याने बैलाकडे बराच वेळ पाहिले.

"लगीन कोणाचं हाय जी?" तो म्हणाला. "माह्या बैलाचं? नवरी कुठली पाह्यली?"

बंडीवाला शेतकरी हसला. "काय बाप्पा, तुह्या बैलापुढं माहे बैल गरीब दिसून राहिले."

आत्या आतून औक्षणाचे ताट घेऊन आली. पारध्याने तिला बैल ओवाळू दिला. कपाळावर कुंकू लावू दिले. ती आत गेल्यावर त्याने घुंगुरमाळ सोडली, दगडाने ठोकून शेंब्या काढल्या आणि दोन्ही वस्तू फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. शिंगांच्या रंगाचे मी विचारले तेव्हा म्हणाला, "रस्त्यानं धूळ लागंल. चार मुक्काम हायेत."

धूळ लागली, पण टिकली नाही. जवसाचे तेल वाळले की शिंगावर गुळगुळीत साल धरते, तिच्यावर धूळ बसत नाही. मूर्तिजापूरच्या मुक्कामावर पारध्याची बायको वाळूने शिंगे घाशीत बसली होती. अकोल्याला पोचलो तेव्हा बैल अंगाने मळला होता, पण शिंगे उन्हात लांबून दिसत होती.

पुढे जाण्याआधी बैलाची परीक्षा घ्यायची, असे साहेबांनी अकोल्यात ठरवले. पातूरच्या वाटेवर एक गायरान अजून मोडलेले नव्हते. दहा-बारा हरणांचा कळप तिथे होता, असे गावची गुरे चारणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितले. सकाळी आम्ही गेलो. साहेबांनी बंदूक घेतली नव्हती, फक्त किती जवळ जाता येते ते पाहायचे होते. पारधी आणि साहेब बैलाच्या आड वाकून चालू लागले. मी आणि शेतकरी बाभळीखाली उभे होतो.

कळपाने मान वर केली तेव्हा मधे चार वावरांचे अंतर होते. एका मादीने पाय आपटला. पुढच्या क्षणी माळ रिकामा होता.

दुसऱ्या कळपाकडे जायला दुपार झाली. तिथेही तेच झाले.

साहेब परत आले ते बैलाच्या पुढून चालत. त्यांनी शिंगांना बोट लावून पाहिले, आणि तांबडे झालेले बोट मला दाखवले. मग इंग्रजीत म्हणाले की अकोल्यात कुत्रे बाळगणारा एक शिकारी आहे, त्याला घेऊन उद्या निघू. या माणसाला त्याचा बैल घेऊन परत जाऊ द्या. जाण्याआधी एवढे विचारा की हा रंग कोणी दिला.

मी पारध्याला विचारले. माझ्या तोंडून प्रश्न निघाला तेव्हा उत्तर मला आणि त्याला दोघांनाही माहीत होते.

"मीच देल्ला," पारधी म्हणाला. "परमुलखात जायाचं म्हून देल्ला. चूक झाली, सांगा सायबाले. दोन दिवस द्या म्हणा. दोन दिवसांत बैल पयल्यासारखा करतो. नाई झाला त कुत्रेवाला घ्या."

मी ते शब्दशः इंग्रजीत सांगितले. 'मीच दिला' हे वाक्यही सांगितले. त्यानंतर माझे स्वतःचे एक वाक्य बोलायचे राहिले होते. ते मी बोललो नाही.

साहेबांनी दोन दिवस दिले.

परतताना मी पारध्याबरोबर मागे राहिलो आणि तो तसे का म्हणाला, हे विचारले.

"तुमी म्हटलं असतं का मी रंगवला, त सायबानं तुमाले काढलं असतं," तो म्हणाला. "मंग कागद कोण लिहीन? सायबाले माह्यं बोलणं कोण सांगंन? माही पोरगी तिकडं हाय मुनशीजी. मले तुमी पाह्यजे." थोडे चालल्यावर पुन्हा म्हणाला, "अन् तुमच्या आत्याबाईनं काई वाईट नाई केलं. माह्या बैलाले आजवर कोणी ओवाळलं नोतं."

त्या दोन दिवसांत जे केले ते असे. मी आणि पारधी पाळीपाळीने फुटक्या खापराने शिंगे खरवडत बसलो. हिंगूळ सालीसकट निघत होता, पण खालचे शिंग पांढरट पडत होते. पारध्याच्या बायकोने शेण, राख आणि काळी माती कालवून त्यावर थापली. ती वाळली की पुन्हा थापली. शिकेकाईचा आणि लोण्याचा वास घालवायला बैलाला गावच्या गुरांत सोडायचे होते. परक्या गावचा, तोही पारध्याचा बैल, आपल्या गुरांत कोणी घेतला नसता. गुरे चारणाऱ्या म्हाताऱ्याने घेतला. मी त्याला काही देऊ केले तर म्हणाला, "एक बैल जास्त चरला त काय गवत रडते?" बैल दोन दिवस गुरांबरोबर फिरला आणि त्यांच्याबरोबर धुळीत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारधी मला म्हणाला, "चला, तुमीच पाहा." मी पागोटे आणि अंगरखा काढून ठेवला. त्याने मला बैलाच्या डाव्या अंगाला वाकून चालायला लावले. खांद्याला बोट टेकले की बैल थांबे. बोट उचलले की चाले. कळपाकडे सरळ पाहायचे नाही, बैलाच्या पायांकडे पाहायचे, एवढेच त्याने सांगितले. आम्ही किती वेळ चाललो ते सांगता येत नाही. माझी कंबर भरून आली होती. एकदा बैल थांबला तेव्हा मी त्याच्या मानेखालून पाहिले. एक मादी हाताने खडा फेकावा एवढ्या अंतरावर चरत होती. तिच्या पाठीवर एक साळुंकी बसली होती. पुढे उभ्या आयुष्यात मी अनेक साहेबांच्या आणि राजांच्या शिकारींच्या बातम्या छापल्या. हरणाच्या इतक्या जवळ मी दुसऱ्यांदा गेलो नाही. ज्या माणसाचे काम मी बिघडवले होते, त्याने मला ते दाखवले.

तिसऱ्या सकाळी साहेबांनी पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी ते परतले ते हसत. कळपातला नर त्यांनी इतक्या जवळून पाहिला होता की शिंगांचे पीळ मोजले, असे त्यांनी सांगितले.

त्याच दुपारी नाक्याचा कागद सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवायचा होता. मी तो इंग्रजीत आणि मोडीत लिहिला होता. साहेब, दोन बंदुका, दोन घोडी, तीन बंड्या, तीन बंडीवाले, एक कारकून, एक पारधी, त्याची बायको, एक बैल. खाली वेगळी ओळ होती: परतताना पारध्याची मुलगी सोबत असेल. साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवले. मी मुलीची हकिकत सांगितली. ते म्हणाले, तिला मिठाच्या बंडीत बसवता येईल, तोवर मीठ संपलेले असेल.

ते कलम बुडवत होते तेव्हा मी सांगितले की बैल मी रंगवला होता, पारध्याने नव्हे, आणि तीन दिवसांपूर्वी हे सांगायला हवे होते.

साहेबांनी कलम दौतीत तसेच ठेवले. त्यांनी विचारले, का रंगवला. मी आत्याचे म्हणणे सांगितले. इंग्रजीत ते फार वेळ चालले आणि नीट उतरले नाही. ते ऐकून घेऊन त्यांनी सही केली. मग 'एक कारकून' हे शब्द खोडले आणि त्याच्या बाजूला पुन्हा सही केली. मी अकोल्यात थांबून पेढीच्या गठाणी पाहायच्या, असे त्यांनी सांगितले. नोकरीचे नाव काढले नाही. त्यांचे आभार मी त्या वेळी मानले नाहीत, कारण मला वाटले होते की मला शिक्षा झाली आहे. पुढची सहा वर्षे मी त्याच पेढीत काढली. नोकरी त्या दिवशी संपली असती तर वर्तमानपत्राकडे मी कधी पोचलो असतो, सांगता येत नाही.

पारध्याला मी हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"बोलायची काय घाई होती जी?" तो म्हणाला. "नदी उतरू द्यायची होती. आता नाक्यावर कागद वाचंल कोण?"

"नाक्यावर कारकून आहे. तो वाचेल."

"अन् सायेब पुढं गेले, मी मांगं राहिलो त?"

या प्रश्नाला उत्तर हवे होते. मी बसून कागदाची दुसरी प्रत केली. त्यात फक्त पारधी, बायको, मुलगी आणि बैल एवढेच ठेवले, आणि साहेबांकडे जाऊन तीवर वेगळी सही मागितली. ती त्यांनी दिली. मेणकापडाच्या तुकड्यात ती प्रत गुंडाळून मी पारध्याला दिली आणि सांगितले की हा कागद दाखवायचा, हातात कोणाच्या द्यायचा नाही. त्याच्या बायकोने तो त्याच्या हातातून घेतला. "याच्या हातून त लंगोटीबी हरवते," ती म्हणाली, आणि आपल्या ओच्यात खोचला.

दुसऱ्या सकाळी ते निघाले. मी गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेलो. शेतकऱ्याने बंडीवरून विचारले, "तुमी नाई येत? अन् आमाले फसवून धाडून राहिले?" पारधी बैलाबरोबर मागून चालत होता. बैलाच्या शिंगांवर वाळलेल्या चिखलाचे जाड पूट होते. ओढा ओलांडल्यावर पारध्याने वळून हात वर केला. मीही केला. त्या दिवसानंतर माझी आणि त्याची गाठ पडली नाही.

पौष संपत आला तेव्हा पैनगंगेच्या नाक्यावरून पेढीच्या नावे चिठ्ठी आली. ती नाक्याच्या कारकुनाने लिहिली होती आणि परत निघालेल्या टपालवाल्याने अकोल्यात पोचवली. मजकूर एवढाच होता की साहेब, घोडी आणि बंड्या पाच काळविटांच्या शिंगांसह अलीकडे आल्या. त्यानंतर दोन दिवसांनी एक पारधी आला. त्याच्या बायकोने ओच्यातून सहीचा कागद काढून दाखवला, दिला नाही. मुलीचे दिवस भरत आले होते. तिला बैलावर बसवून नदी उतरवली. पाणी गुडघ्याएवढे होते.